साडभाऊंचा ओ देणारा सर्व्हर

दुरून मारलेल्या हाकेला ओ मिळवण्यात आमच्या साडभाऊंचा हात धरणारा माणूस अख्ख्या नागपुरात सापडायचा नाही. त्यांचा धंदाच तो. ते जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर बांधतात. म्हणजे एका यंत्रानं लांबच्या दुसऱ्या यंत्राला कामाचं नाव घेऊन हाक मारायची, लागेल तेवढी माहिती हाती द्यायची आणि उत्तर घ्यायचं, जणू दोघं एकाच घरात नांदतात. त्यासाठी त्यांनी निवडलेलं फ्रेमवर्क, म्हणजे सर्व्हरचा तयार सांगाडा, इतकं हलकं, की ऑफिसातली मंडळी हसतात. साडभाऊ म्हणतात, "लग्नाले जाचं त घरचा पलंग कायले न्याचा गा?"

हीच शिस्त घरीही. "चहा. एक. बिनसाखरेचा." एवढं बोलून ते थांबतात. आतून माझी मेहुणी "दूध नासलं!" म्हणून ओरडली तरी त्यांचा चेहरा खुलतो, कारण उत्तर तर आलं. सीताबर्डीत एकदा त्यांनी शर्टाचा रंग आणि माप सांगितलं. दुकानदार काही न बोलता ढीग उपसू लागला, तसे साडभाऊ तापले. "नाही त नाही म्हन! पन ओ त दे!" आम्ही रिकाम्या हातानं परतलो. शर्ट मला हवा होता.

त्यांची माय उमरेडला एकटी राहते. घरातला हातमाग कधीचा बंद, पण त्याला सोडून ती नागपूरला येत नाही. तिचा फोन पिशवीत आणि पिशवी खुंटीला. म्हणून साडभाऊंनी तिच्या चुलीजवळ एक डबी बसवली. दुपारी त्यांनी इथून हाक मारली, की डबी त्यांच्याच आवाजात विचारणार, "माय, जेवली का?" जेवली असेल तर मायनं हिरवं बटण दाबायचं, काही कमीजास्त असेल तर लाल. उत्तर साडभाऊंच्या फोनवर उमटणार. पहिल्या दिवसापासून रोज हिरवं! पाहुण्यारावळ्यांना फोन दाखवताना त्यांची छाती फुगायची.

एका रविवारी आमच्याकडे वडाभाताचा बेत होता. पानं वाढली, फोनवर हिरवं उमटलं आणि साडभाऊ म्हणाले, "पाहा, माय जेवली." तेवढ्यात दारात खुद्द माय! चेहरा उतरलेला, हातात तीच पिशवी. साडभाऊंच्या शेजाऱ्यांनी तिला आमच्याकडे धाडलं होतं.

"बरा आहेस ना रे? मले ताप होता. रोज लाल दाबून राहिली, तुहा काही पत्ताच नाही. म्हटलं, पोरालेच काही झालं का."

झालं होतं ते असं. सर्व्हर तपासताना मायला उगाच त्रास नको म्हणून साडभाऊंनी एक तयार 'हो' त्यात लिहून ठेवला होता, आणि तो काढायचा राहून गेला. मायला कुणी विचारतच नव्हतं. सर्व्हर आपला परस्पर ओ देत होता. साडभाऊंनी आपलं पान मायपुढे सरकवलं. तिला पहिला घास भरवताना त्यांचे डोळे भरून आले. माझेही आले, का लपवू?

ती 'हो'ची ओळ त्यांनी त्याच दुपारी पुसली. आता उत्तर मायचं येतं. आठवडाभर हिरवं, शनिवारी मात्र हमखास लाल. मी घाबरून म्हटलं, सर्व्हर पुन्हा बिघडला.

"सर्व्हर ठणठणीत आहे गा," साडभाऊ गाडीची किल्ली शोधत म्हणाले. "माय बोलावून राहिली."

मला अशी हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. म्हणून शनिवारी मीही त्यांच्या गाडीत बसतो. उमरेडला पोचलो की माय दारातूनच आधी मला विचारते, "जेवला का रे?" मी जेवलेला असलो तरी नाही म्हणतो.