मास्तर इथं राहत न्हाईत!

सरकारी कागदपत्रांनुसार मी माझ्या घरी राहत नाही. अठ्ठ्याहत्तर सालच्या सुमारास तशी रीतसर नोंद झाली आणि ती मी स्वतःच करवून घेतली. (शिकल्यासवरलेल्या माणसाला असल्या गोष्टी विनासायास जमतात.)

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवत होतो. जगातली साम्राज्यं मुलांकडून घोकून घेत होतो, पण स्वतः मिरजेच्या पुढे दोनदाच गेलो होतो. दोन्ही वेळा लग्नालाच, आणि त्यातलं एक माझंच! त्या वर्षी डोक्यात आलं की मेच्या सुट्टीत परदेशी जायचं, आणि तेही रेल्वेनं! रामेश्वरपर्यंत आपली गाडी, मध्ये बोट, पलीकडे लंकेची गाडी. अनुराधापूरचे पुरातन स्तूप माझ्यासाठी; कँडीचे डोंगर, चहाचे मळे आणि धबधबे सुमनसाठी. सुमन म्हणजे आमची बायको. लग्नानंतर तिला कुठंतरी नेईन म्हणालो होतो. ते 'कुठंतरी' आजवर कळंब्याच्या तलावापलीकडे गेलं नव्हतं.

"अहो, पण गाडी समुद्रातनं कशी जाणार?" सुमननं विचारलं.

"गाडी नाही जात. आपण जायचं. पलीकडं दुसरी गाडी उभी असते."

"आपल्यासाठी?"

"तसंच समज."

शेजारचे तात्या कुंपणापाशी म्हशीला वैरण टाकत होते. ते म्हणाले, "बोट कशाला ओ मास्तर? वानरांनी पूल बांधल्याला की!"

"तो आता वापरात नाही, तात्या."

"मग दुरुस्त करायचा न्हाई व्हय!"

मी वेळापत्रक आखायला घेतलं. भिंतीवर नकाशा, लाल-निळ्या पेन्सिली, जमिनीवर रेल्वेची पुस्तकं. चार रविवार खपून वेळापत्रक तयार झालं. त्यानुसार आम्ही रामेश्वर सोडण्याच्या आदल्या दिवशी अनुराधापूरला पोचत होतो! दुरुस्ती केली, तर कँडीहून परत यायला गाडीच उरेना. तिसऱ्या खेपेला सगळं जुळलं. एकूण बारा दिवस, त्यातले लंकेत साडेतीन. बाकीचे डब्यात.

एवढ्यात शिरोळहून सुमनची थोरली बहीण आली. आक्का विधवा, दहा एकर ऊस एकटीनं सांभाळणाऱ्या. ट्रॅक्टरच्या आवाजावर बोलायची सवय, त्यामुळे घरातही त्याच पट्टीत बोलत.

"पावणं, लंकेला चाललाय म्हनं? मी बी येनार!"

"आक्का, परदेश आहे. पासपोर्ट लागतो."

"मग काढा की! मला काय फोटू काढता येत न्हाई व्हय?"

तीन अर्ज भरले, तीन फोटो चिकटवले आणि पाठवून दिले. (फोटोत आक्का फिर्यादी, सुमन साक्षीदार आणि मी आरोपी दिसत होतो.)

इथवर सगळं ठीक होतं. मग गल्लीत बातमी फुटली आणि लोक याद्या घेऊन येऊ लागले. किराणावाल्याला लवंगा आणि दालचिनी हवी होती. हेडमास्तरांना अनुराधापूरच्या बोधिवृक्षाचं पान, "पण स्वतः गळून पडलेलंच आणा हं!" कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "सिलोनला चाललायसा, तर तिथल्या रेडिओ स्टेशनात समक्ष जावा. फर्माईशीत आमच्या मंडळींचं नाव लावा. तीन वर्सं कार्डं टाकतोय, वाचंनात!" दुसऱ्या पेठेतून आलेल्या एका अनोळखी माणसानं तर लंकेतल्या सोन्याचा भाव विचारून घ्यायला सांगितलं.

पंधरा दिवसांत मला दाराची कडी वाजली की धडकी भरू लागली. शेवटी तात्यांना म्हणालो, "अनोळखी माणूस आला, की सरळ सांगा, मास्तर इथं राहत नाहीत."

"आवो, पर घरात असला तर?"

"तरी राहत नाहीत!"

तात्या शब्दाचे पक्के. तीच पंचाईत झाली.

एका रविवारी सकाळी मी खिडकीतून पाहिलं. साधा शर्ट, पायजमा, काखेत पिशवी आणि हातात कागद. यादी! मी आतल्या खोलीत पळालो, कडी लावली आणि दाराला कान लावून उभा राहिलो.

"मास्तर इथंच राहतात न्हवं?"

"न्हाई," तात्या ठामपणे म्हणाले.

"पत्ता तर हाच हाय."

"असंल. पर राहत न्हाईत."

"कधीपासनं?"

"झालं की पंधरा दिस."

"मग ह्या सुमनबाई?"

"वैनी राहतात की! भाजीला गेल्यात."

"म्हंजे नवरा-बायको येगळं राहतात?"

इथं तात्या जरा घुटमळले. खोटं बोलायची सवय नसलेला माणूस! पण दिलेला शब्द आठवून म्हणाले, "आता तसंच म्हना."

आत मी खूश! काय माणूस आहे हा, म्हटलं!

तेवढ्यात सुमन आली. दोन मिनिटं काहीतरी बोलणं झालं आणि तो माणूस गेला. ती आत आली ती गोंधळलेली.

"अहो, कोण होता तो? माझं नाव विचारलं, एका कागदावर सही घेतली. तुमच्याविषयी सांगायला लागले, तर म्हणाला, 'राहू द्या ताई, मी काय विचारत न्हाई. धीर धरा, घरोघरी मातीच्या चुली.' आणि डोळे पुसत गेला."

"दालचिनीवाला असेल," मी म्हणालो.

महिन्याभरानं टपाल आलं. सुमनचा पासपोर्ट आला. शिरोळला आक्कांचाही आला. मला मात्र एक पत्र आलं: चौकशीअंती अर्जदार नमूद पत्त्यावर राहत नसल्याचे व पत्नीपासून विभक्त असल्याचे आढळले, सबब पुन्हा अर्ज करावा.

तो साध्या वेशातला पोलीस होता!

मी पोलीस चौकीत गेलो. "मी घरीच राहतो," म्हणालो. हवालदारानं कागद बघितला, मला बघितलं आणि हळूच विचारलं, "परत गेलासा व्हय? बरं केलंसा. पर नवी चौकशी व्हायला दोन-अडीच महिनं जातील."

तिकिटं निघाली होती. सुमन म्हणाली, "पुढच्या वर्षी सगळेच जाऊ." तिनं ते इतक्या सहज म्हटलं, की मला आत कुठंतरी लागलं. आजवर माझं प्रत्येक 'पुढच्या वर्षी' तिनं असंच सहज झेललं होतं.

आक्का कडाडल्या, "का म्हनून? तू काय ह्यांच्या पायानं चालतीस? उसाच्या वक्ताला मी एकटी कारखान्याच्या साहेबास्नी भांडून येते. लंका काय त्याच्यापरीस लांब हाय?"

"आक्का बरोबर बोलतात," मी म्हणालो. "जाच तुम्ही." आयुष्यात एवढं शहाणं वाक्य मी क्वचितच बोललो असेन.

कोल्हापूर स्टेशनात निरोपाला अख्खी गल्ली लोटली. माझ्यासाठी आणलेला हार ऐनवेळी आक्कांच्या गळ्यात पडला. मी खिडकीशी उभा राहून सूचना देऊ लागलो. "मिरजेला गाडी बदला, मग बंगलोर, मग मद्रास... नाही, थांबा, मद्रासच्या आधी..."

"पावणं, व्हा बाजूला! हमालाला इचारतो आम्ही," आक्का ओरडल्या आणि गाडी सुटली.

बारा दिवस मी भात करपवत घरी राहिलो. (आता मात्र कुणीही चौकशीला आलं नाही.) तेराव्या दिवशी दोघी परतल्या, उन्हानं काळवंडलेल्या आणि हसून हसून आवाज बसलेल्या. एकही गाडी चुकली नव्हती. आक्कांनी चहाच्या मळेवाल्याला खतावरून चार गोष्टी सुनावल्या होत्या. कुठल्या भाषेत, ते मी विचारलं नाही. सुमन डोंगरातल्या गाडीबद्दल बोलायला लागली, की मध्येच थांबायची आणि नुसतीच हसायची.

हेडमास्तरांच्या हातावर बोधिवृक्षाचं स्वतः गळून पडलेलं पान ठेवलं गेलं, तेव्हा ते इतके हरखले, की शाळेत व्याख्यानच ठरवलं. 'लंका: इतिहास आणि निसर्ग'. वक्त्या सौ. सुमनताई. मी पहिल्या रांगेत. अनुराधापूरच्या एका स्तूपाबद्दल बोलताना तिचं शतक चुकलं. आता इतिहासाच्या शिक्षकाला राहवतंय होय? मी ताडकन उभा राहिलो.

"इतिहासाच्या दृष्टीनं पाहिलं तर..."

"तुम्ही पाहिलाय?" तिनं व्यासपीठावरून शांतपणे विचारलं.

सभागृहात असा काही हशा उसळला, की तसा माझ्या तासाला कधी उसळला नव्हता. मग मी खाली बसलो, शेजारच्या मुलाकडून वहीचं एक पान मागून घेतलं आणि निमूटपणे टिपणं काढू लागलो.