सिंधुबाईंची उत्तरपूजा

दिंडोरीच्या पुढच्या पाच-सहा गावांत कुणालाही विचारा, सिंधुबाई कोण, तर तो आमच्या दारापर्यंत आणून सोडील. सिंधुबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही आक्का म्हणतो. त्यांचं नाव झालं ते हातगुणामुळे. कुणाच्या मळ्यात बोअर मारायचं ठरलं की आधी आमच्या अंगणात मोटारसायकल येते. "मावशी, गाडी आलीय, चला." मग ह्या बाई तव्यावरची भाकरी माझ्या भरवशावर टाकून निघाल्याच! जमिनीवर हळद-कुंकू वाहायचं, गाडीला कुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि मातीवर हात ठेवून म्हणायचं, "ये गं बाई, लेकरं तहानलेली हायत." लोक म्हणतात, आक्कांनी हाक मारली की पाणी येतंच. बऱ्याचदा नुसती धूळही उडालेली आहे, पण ती कोण लक्षात ठेवतो? मी एकदा तसं बोलून गेले, तर आठवडाभर मला वाढताना भाजीत हात आखडता.

मी मोहिनी. माझं माहेर पंचवटीतलं, भाजीबाजाराला लागून. तिथे ओरडल्याशिवाय कुणाला ऐकू जात नाही, म्हणून माझा आवाज चढा आणि जीभ तिखट. आक्का माझ्या उलट. रागावल्या तरी पुटपुटणार. पण ह्या एका कामाचा त्यांना भारी तोरा. नवरा लवकर गेला, बागेचा सगळा भार अंगावर पडला, शाळा तर चौथीतच सुटलेली. सगळ्या गावाने मानानं बोलवावं असं त्यांच्यापाशी एवढंच होतं. मला ते कळत नव्हतं असं नाही.

तर मागच्या वर्षी, द्राक्षाची छाटणी नुकती उरकली होती तेव्हा, गावच्या गायरानावर एक मोठी गाडी येऊन उभी राहिली. बोअरच्या गाडीपेक्षा दुप्पट उंच. बरोबर नाशिकचा एक तरुण साहेब, देवव्रत नाव. आमच्याकडे अशी गाडी आली की तिचा अर्थ एकच, पाणी. दुसरं कुणाच्या डोक्यातच येत नाही. पोरं धावत आली, "मावशी, सरकारी बोअर मारतायत!" आणि आक्का ताम्हण घेऊन हजर. बोलावणंसुद्धा नव्हतं हो! मी म्हटलं, "आधी विचारा तरी." तर म्हणतात कशा, "गाडी आल्यावर काय इचारायचं?"

देवव्रत साहेबाने आक्कांच्या पायांना हात लावला. म्हणाला, "मावशी, जमिनीखाली काय आहे त्याचा अभ्यास करायचाय."

"काय असणार? पाणीच असणार!" आक्का म्हणाल्या.

तो हसला. हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. हसण्यावर काम भागत असेल तर माणूस शब्द कशाला खर्च करील? आक्कांनी पूजा केली, मातीवर हात ठेवून हाक मारली, वर गाडीवरच्या माणसांना पुरणपोळ्या खाऊ घातल्या. कुणीतरी फोटो काढला. आक्कांनी पदर नीट करून घेतला.

मग गायरानाला पत्र्याचं कुंपण पडलं. गाडी दिवसभर घरघरायची. पहिलं भोक इतकं खोल गेलं की पाण्याची गोष्ट कधीच मागे पडली, तरी गाडी थांबेना. तेव्हा आक्कांचा मुलगा रोहित तालुक्याला जाऊन चौकशी करून आला. चेहरा उतरलेला.

"काकू, ते सरकारी नाहीत, कंपनीचे आहेत. पाणी शोधत नाहीत. गॅस शोधतायत. खाली खडकात गॅस अडकलाय असा त्यांचा अंदाज आहे. सापडला तर आणखी भोकं पाडायची, त्यातून पाणी, वाळू आणि रसायनं दाबानं सोडायची, खडकाला तडे पाडायचे. मग गॅस वर येणार."

"आणि एवढं पाणी कुठलं?"

"इथलंच की."

आता कंपनीचं म्हणणं असं की हे सगळं विहिरींच्या कितीतरी खाली चालतं, भोकाला सिमेंटचं अस्तर असतं, एक थेंब इकडचा तिकडे होणार नाही. असेलही खरं. मी काही शास्त्रज्ञ नाही. पण उद्या विहिरीला काही झालंच, तर ती काय दुकानात परत देऊन बदलून मिळते? ह्या विहिरींवर आमची बाग, घर, गुरं सगळं उभं आहे. गायरान ग्रामपंचायतीचं, पहिल्या भोकाची परवानगी वरूनच आलेली, पण पुढच्या भोकांसाठी ते कंपनीला द्यायचं की नाही हे ग्रामसभेत ठरायचं होतं. रोहितने पोरं जमवली. सकाळी बागेत फवारणी, संध्याकाळी घरोघर जाऊन समजावणी. निम्मं गाव त्याच्या बाजूला झालं, निम्मं कुंपणावर बसलेलं.

आणि एके दिवशी फाट्यावर फलक लागला. हा एवढा! त्यावर आमच्या आक्का, हातात नारळ, कपाळावर घसघशीत कुंकू. खाली लिहिलेलं, "ग्रामस्थांच्या आशीर्वादाने शुभारंभ."

झालं! आमच्या समोरची भागीबाई, जिच्या तोंडाला तसंही झाकण नाही, ती पाणवठ्यावर सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "ल्योक मोर्चा काढतो आन आई आरती ओवाळती. दोन्ही डगरींवर हात!" आक्का भरलेली कळशी तिथेच ठेवून घरी आल्या. त्यानंतर बाहेर पडेनात. आणि रोहितसारख्या शहाण्या पोराने काय करावं? म्हणाला, "आई, ग्रामसभेला तू येऊ नकोस. तुला बघितलं की लोक फोटोबद्दलच बोलतील."

"अरे मेल्या," मी म्हटलं, "आई आहे ती तुझी!" पण आक्का नुसत्या "बरं" म्हणाल्या. मला इतका संताप आला की त्या रात्री रोहितला मी जेवायला वाढलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बागेत मण्यांची विरळणी करत होतो. घोसातले जास्तीचे मणी कात्रीने काढायचे, म्हणजे उरलेले नीट पोसतात. आक्कांच्या हातून चांगलेच मणी कापले जात होते. शेवटी माझाच धीर सुटला.

"आक्का, रडत काय बसलात? पूजा तुम्ही मांडलीत ना? मग तुम्हीच उठवा! गणपतीची नाही का आपण उत्तरपूजा करत? अक्षता वाहायच्या, मूर्ती जागेवरून जराशी हलवायची, झालं. त्या गाडीची करा उत्तरपूजा."

त्यांची कात्री थांबली. मला वाटलं हसतील. तर डोळे भरून आलेले.

"मोहिने, गणपतीला आपण पुढल्या वर्षी ये म्हणून धाडतो. मी तिथं पाण्याला बोलावलंय. पाण्याला जा म्हणू? कुणी म्हणतं का असं कधी? माझ्या हाकेला ती येती, तर जा म्हणल्यावर जाईल बी. इथून, तिथून, समदीकडून. आन मग परत माझ्या हाकेला कशाला येईल?"

मी आपली वैतागाने बोलले होते, आणि ह्या बाईने ते खरोखर तोलून पाहिलेलं होतं.

ग्रामसभा मारुतीच्या देवळातल्या मंडपात भरली. देवव्रत साहेब नीट बोलला, हे मान्य करायला हवं. आवाज चढवला नाही, रस्त्याचं बोलला, पोरांच्या नोकऱ्यांचं बोलला. मग पडद्यावर तो फोटो दाखवला. "ह्या माऊलींनी स्वतःच्या हाताने पूजा केली. आम्ही ती गावाचा आशीर्वाद म्हणून घेतली. दिलेला आशीर्वाद गाव परत घेतं का?"

बघा, कुठे बोट ठेवलं! कुंपणावरची मंडळी माना खाली घालून बसली. रोहित उभा राहिला, पण बोलणार काय? आई फसली म्हणणार? आई अडाणी म्हणणार?

तेवढ्यात बायकांच्या मागच्या रांगेतून आवाज आला. मी वळून बघते तर आक्का! कधी येऊन बसल्या होत्या कुणास ठाऊक.

"सायेब, पूजा मी केली. कुणी जबरदस्ती केली नाय. मी इचारलं नाय, ही माझी चूक. तुम्ही सांगितलं नाय, ते तुमचं तुम्ही बघा. पण पूजा माझी हाय ना? मग तिची उत्तरपूजा बी मीच करनार. तोवर ती अर्धीच हाय. अर्ध्या पूजेचा आशीर्वाद नसतो."

आणि पदराखालून ताम्हण काढलं. तयारीनेच आल्या होत्या बाई! हळद, कुंकू, अक्षता, वाटीत दहीभात. गायरानाकडे चालू लागल्या. मी उठले. माझ्यामागे बायका उठल्या. भागीबाईसुद्धा! मग काय, अख्खी ग्रामसभाच मागे निघाली. साहेब सगळ्यात शेवटी.

गाडीवर संतोष म्हणून नगरकडचा ऑपरेटर होता. दुसरं भोक अजून सुरू व्हायचं होतं, पाइप सगळे वरच होते. एवढ्या बायका बघून तो बिचारा खाली उतरून हात जोडून उभा राहिला. आक्कांनी गाडीला हळद-कुंकू वाहिलं, दहीभाताचा नैवेद्य दाखवला. मग मातीवर हात ठेवला. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं. बोलल्या, अगदी हळू, "जा बाई. चुकीच्या जागी बोलावलं तुला. जा."

अक्षता टाकल्या आणि संतोषकडे बघितलं. "बाबा, आता जागेवरून हलवायला पाह्यजे. थोडीशीच."

संतोषने साहेबाकडे पाहिलं. साहेब म्हणाला, "काही गरज नाहीये." संतोष डोकं खाजवत राहिला. मग म्हणाला, "साहेब, अक्षता पडल्यात. आता ह्याच जागी काम करायचं म्हणजे... माझ्या घरी बी लेकरंबाळं आहेत." आणि वर चढला. गाडीचे पाय उचलले, इंजिन सुरू केलं आणि गाडी दोन हात मागे घेतली. बायकांनी असा काही गलका केला म्हणता!

परत मंडपात गेल्यावर हात वर करायला सांगितले, तेव्हा विरोधात इतके हात आले की ग्रामसेवकाने मोजायचा नाद सोडला. गायरान द्यायचं नाही, ठराव झाला. आठवड्याभरात गाडी गेली. फलक वाऱ्याने फाटायच्या आधी रोहितने स्वतः उतरवला आणि आईपुढे हात जोडून उभा राहिला. कंपनीचे कागद अजून वर कुठेतरी फिरतायत म्हणे. फिरू देत. आम्हीही इथेच आहोत.

पण आक्का त्या दिवसापासून कुणाच्या बोअरला गेल्या नाहीत. भागीबाईच्या मळ्यात गाडी आली, ती स्वतः बोलवायला आली, पाया पडली, चुकलं म्हणाली. आक्कांनी तिला चहा दिला आणि सांगितलं, "माझा हात रिकामा झाला गं. दुसरी कुणी बघ." भागीबाई गेल्यावर किती वेळ उंबऱ्यात बसून होत्या. मला फार वाईट वाटलं. गावाची विहीर राहिली आणि ह्या बाईजवळ होतं नव्हतं ते गेलं.

रोहितला ते सहन होईना. परवा चुलीपाशी बसून समजावत होता, "आई, अगं हे सगळं मनाचं असतं. पाणी लागतं ते खाली असतं म्हणून. तुझ्या ये म्हणण्याने येत नाही आणि जा म्हणण्याने जातही नाही."

आक्कांनी भाकरी थापता थापता मान वर केली.

"आसं व्हय? मग ती एवढी मोठी गाडी कशानं हलली रं?"

रोहितने माझ्याकडे बघितलं, मी रोहितकडे. आक्कांनी भाकरी तव्यावर टाकली.