पंधरा खाचांची चकती

नंदुरबारच्या शाळेत मी सायन्स शिकवत असे. माझी प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, दोन भिंगं आणि माझी भरपूर बढाई. एका वर्षी निरोप आला की इन्स्पेक्टरसाहेब येणार, आणि धड प्रयोग दिसला नाही तर सायन्सचा वर्ग बंद होणार. पुढे ज्याला शिकायचं त्यानं धुळ्याला जावं. तळोद्याकडची माझी पोरं धुळ्याला जाणार नव्हती, शाळाच सोडणार होती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

मी ठरवलं, प्रकाश कापून दाखवायचा. पत्र्याच्या चकतीला कडेनं सोळा अरुंद खाचा पाडायच्या, ती शिवणयंत्राच्या पायडलवर फिरवायची आणि अंधाऱ्या वर्गात उन्हाची तिरीप तिच्यातून सोडायची. प्रकाश तुकड्यातुकड्यांनी पलीकडे जातो. त्या प्रकाशात सायकलचं चाक फिरवलं की वेग जुळताच आऱ्या जागच्या जागी थांबलेल्या दिसतात.

चकती बाजारात कंदील करणाऱ्या चाचांकडे टाकली. तपासणीच्या सकाळी आणायला गेलो, तर काम सुबक, पण खाचा पंधराच. सोळावी नुसती आखून ठेवलेली.

“पुरं काम कधी करानं नही, मास्तर,” चाचा शांतपणे म्हणाले. “एक खोट ठेवनी पडस, नही तं नजर लागस.”

माझं डोकं फिरलं. कंदिलाला खोट ठेवा, माझ्या चकतीला कशाला, असं काहीबाही बोललो. पण कापून घ्यायला वेळ नव्हता.

वर्गात आऱ्या थांबल्या. साहेब खुर्चीतून पुढे झुकले. मग त्यांनी विचारलं, “प्रकाश सेकंदाला किती वेळा कापला जातोय?”

मी चकतीकडे पाहिलं. पायडलची दोरी घसरायची, त्यामुळे पायाचे दाब मोजून चकतीचे फेरे कळत नसत. तेवढ्यात साहेबच म्हणाले, “आणि हा मधेच अंधार का पडतो?” तेव्हा माझ्या टाळक्यात शिरलं. न पाडलेली खाच दर फेऱ्याला एकदाच समोर येत होती. मी साहेबांचंच घड्याळ मागितलं. पंधरा सेकंदांत तीस वेळा अंधार पडला. म्हणजे सेकंदाला दोन फेरे, प्रत्येकात पंधरा झोत.

“तीस,” मी म्हणालो आणि न पाडलेली खाच दाखवली.

“मुद्दाम ठेवलीत ही युक्ती?”

मी हो म्हणालो. त्या ‘हो’ची लाज मला अजून वाटते.

वर्ग राहिला. संध्याकाळी चाचांकडे जाऊन सगळं सांगितलं, खोटं बोललो तेही. ते म्हणाले, “पोऱ्यासना वर्ग चालू शे ना? मंग झायं.”

पुढच्या वर्षी मुंबईहून पितळी चकती आली, सोळाच्या सोळा खाचा मोकळ्या. मी ती घेऊन थेट चाचांच्या दुकानात गेलो. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, खाचा मोजल्या आणि मला काही न विचारता भोकं बुजवायचं कथील तापवायला ठेवलं.