शेटच्या घरचं कथील

कल्हईवाली चाची कुणाच्याही घरात शिरली की आधी स्वयंपाकघरात जायची. फळीवरचं पातेलं खाली घ्यायची, आतून अंगठा घासायची, आणि अंगठा काळा झाला की पातेलं सरळ अंगणात भिरकावून द्यायची. मग त्या घरच्या बाईला असं झापायची की शेजारणी दारात येऊन उभ्या राहायच्या. "चकाकतंय म्हून भुललीस व्हय गं? शिसं हाय त्यात." चाकणच्या आमच्या आळीत तिला सगळे भांडखोर म्हणायचे. मला ती फार आवडायची.

पन्नासच्या दशकातले ते दिवस. स्टील अजून घरोघर आलं नव्हतं, भांडी पितळेची. आतून कथलाची कल्हई नसेल तर आंबट पदार्थ कळकायचा. चाचीचा नवरा, आमचे चाचा, कल्हई करायचे आणि चाची भाता ओढायची. कथील मात्र बाजारातल्या एकाच व्यापाऱ्याकडे मिळायचं. त्याला सगळे शेट म्हणत. कथील महाग झालं तसा शेट त्यात शिसं मिसळून विकू लागला. चाचांना ते कळत होतं, पण ते गरीब स्वभावाचे, शेटपुढे तोंड उघडायची त्यांची छाती नव्हती.

युसुफ पोटात होता तेव्हाही चाची रोज त्या धुरात बसून भाता ओढत होती. पावसाळ्यात तर भट्टी घरातच असायची. युसुफ मोठा होऊ लागला, पण मिठाला पाठवला की दुकानापुढे जाऊन नुसता उभा राहायचा, कशाला आलो ते त्याला आठवायचं नाही. लोक म्हणायचे, नशीब. चाचीही तेच म्हणायची. त्या काळात तिचा आवाज आमच्या घरापर्यंत कधी आला नाही, असं आई सांगायची.

मग शेटची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. शेटनं घरची भांडी चाचांकडे कल्हईला धाडली आणि कथलाची कांडी स्वतःच्या हातानं काढून दिली. "हे वापर. दुकानातलं नको लावूस यांना." चाचांनी घरी येऊन कौतुकानं सांगितलं, "शेट लेकीची लई काळजी घेतो." चाचीनं उठून घागरभर पाणी भट्टीत ओतलं. पुढं ही हकीकत सांगताना ती म्हणायची, "त्याला ठावं हुतं. मी भाता वढताना येऊन हुबा ऱ्हायचा. माजं पोट दिसत न्हवतं त्याला?"

त्या दिवसापासून चाचीनं नवऱ्याला शेटच्या दुकानाची पायरी चढू दिली नाही. चाचा पुण्याहून चोख कथील आणायला लागले. त्यांची कल्हई महाग पडू लागली आणि शेटनं दुसरा कल्हईवाला आणून बसवला, स्वस्तातला. सगळं गाव तिकडे वळलं. बाजाराच्या दिवशी चाची शेटच्या दुकानासमोर बसकण मारायची आणि निघोजे-चऱ्होलीकडून आलेल्या बायकांना हाका मारून सांगायची, "पोटुशी असशील तर हितली कल्हई लावू नगं गं बाय." त्या दिवशी शेट मागच्या बोळानं घरी जायचा. मी तेव्हा लहान होते, पण ते बघून मला गुदगुल्या व्हायच्या.

अशातच आईला दिवस गेले. डोहाळे चिंचेच्या साराचे. सार पातेल्यात रात्रभर मुरायचं आणि आई सकाळी उठून ते प्यायची. कल्हई अर्थात स्वस्तातली. आमच्या घरात विधवा आत्याचा शब्द चालायचा. चाचीला कळलं तशी ती आली आणि सारासकट पातेलं तिनं अंगणात फेकलं. आत्या म्हणाली, "धंदा बसला म्हणून लोकांच्या अन्नात माती कालवतेस? पुन्हा या घराची पायरी चढू नकोस." तेच पातेलं राखेनं घासून आत्यानं संध्याकाळी चुलीवर ठेवलं. आज इतक्या वर्षांनीही मला ते पातेलं दिसतं आणि तळपायाची आग मस्तकात जाते.

अनंत झाला. गोरागोमटा, हसरा. तीन वर्षांचा झाला तरी 'आई'च्या पुढं बोलेना. शाळेत मास्तरांनी त्याला पहिलीत पुन्हा बसवला आणि शेवटी घरी पाठवला. आईच्या रक्तातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत जातं आणि त्याचा मेंदू वाढताना नासवतं, हे आता सगळे डॉक्टर सांगतात. अनंताचं त्यानंच झालं का, हे कुणी छातीठोकपणे सांगणार नाही. आत्याला मात्र तेव्हाच कारण सापडलं होतं. आई गरोदर असताना ग्रहण लागलं होतं, आईनं त्यात काहीतरी चिरलं असणार. ती रोज विचारायची, काय चिरलंस. आई आधी नाही म्हणायची. पुढं पुढं, चिरली असेल एखादी भेंडी, असं म्हणायला लागली.

चाचा छातीच्या दुखण्यानं गेले आणि चाची जुन्नरला भावाकडे निघाली. बैलगाडी दारात थांबवून ती आमच्या अंगणात आली. आत शिरली नाही. आत्या दारातच होती. चाचीनं आईला बाहेर बोलावलं आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू काय बी चिरलं न्हाईस. मी बी काय पाप केलं न्हवतं. ज्यानं शिसं इकलं त्यानं केलं हे. त्याचं नाव घे."

आईनं आत्याकडे पाहिलं.

"घे की गं. एकदा घे."

आई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. मग चाची युसुफचा हात धरून गाडीत बसली. ती पुन्हा मला दिसली नाही. माझ्या जिभेला जी धार आहे ती तिचीच, आणि त्याबद्दल सासरी मी खूप ऐकून घेतलं आहे.

काही वर्षांनी शेट वारला. बाजारपेठ बंद राहिली, भाषणं झाली, दानशूर म्हणाले त्याला. आई अनंताला घेऊन अंत्यदर्शनाला निघाली. मी दारात आडवी झाले, नको नको ते बोलले. तिनं मला बाजूला सारलं. तिथं गेल्यावर ती आधी स्वतः पाया पडली आणि मग अनंताला म्हणाली, "नमस्कार कर बाळा, मोठा माणूस होता."

अनंतानं हसत हसत हात जोडले.