गिळलेला गळ

इंग्लंडमध्ये लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरीला असताना एका धुकट सकाळी मी वॉर्डातल्या सहकाऱ्याबरोबर नदीवर गेलो. माझ्या गळाला ट्राउट मासा लागला, पण त्याने गांडुळासकट गळ पार घशात गिळला होता. तो ओढून काढायला मी पिशवीतून चिमटा बाहेर काढला.

“ओढू नकोस, मरेल तो,” सहकारी म्हणाला. “हात ओले कर, दोरा तोंडाशी काप आणि सोड. गळ आत राहिला तरी तो जगू शकतो.”

दोरा कापून मी माशाला पाण्यातच, प्रवाहाकडे तोंड करून धरलं. हळूहळू त्याचे कल्ले हलू लागले. मी हात उघडले, तरी तो जाईना. तळव्यांवर तसाच थांबून न मिटणाऱ्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिला. धुक्यात सहकारीही दिसेनासा झाला. हात काढून घ्यायचा मला धीर होईना.

मग तळवे एकदम हलके झाले. मासा जाताना मला दिसलाच नाही.