मुसफ्फाच्या गाडीतलं जनमत

सरांच्या गाडीत बसलं की आधी मत द्यावं लागायचं, मग बाकीचं.

पहाटे शारजातल्या आमच्या बिल्डिंगखाली त्यांची पांढरी गाडी येऊन थांबायची. पुढच्या सीटवर मुसफ्फाच्या, म्हणजे अबूधाबीजवळच्या औद्योगिक भागातल्या, आमच्या यार्डातला हैदराबादचा स्टोअरकीपर बसलेला असायचा, मागे मी बसायचे, आणि गाडी हायवेला लागायच्या आत सर आरशातून माझ्याकडे बघत विचारायचे, "काय मग, होणार ना आपला माणूस?"

आपला माणूस म्हणजे ईशान्येकडच्या एका राज्याचे राज्यपाल. सरांच्या तालुक्यातले. कॉलेजात त्यांनी सरांना शिकवलं होतं, मग ते राजकारणात गेले आणि उतारवयात राजभवनात पोचले. पुढच्या राष्ट्रपतिपदासाठी त्यांचं नाव चर्चेत आहे असं कुठल्याशा मराठी चॅनेलवर कोणीतरी म्हणालं, आणि तेव्हापासून सरांना दुसरा विषय सुचेना. त्यांचा साधेपणा, त्यांची स्मरणशक्ती, त्यांनी राजभवनाच्या बागेत लावलेला हापूस आणि त्याला तिथल्या हवेत न आलेला मोहोर. शारजा ते मुसफ्फा हा रस्ता ट्रॅफिक नसला तरी लांबच लांब आहे. त्यात डाव्या-उजव्या बाजूला बघण्यासारखं काही नाही. चालत्या गाडीतून उतरून जाता येत नाही. मी ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "होणार म्हणजे काय सर, व्हायलाच हवेत."

मला त्या गृहस्थांचं नावसुद्धा सरांकडूनच कळलेलं होतं.

आता कोणी म्हणेल, एवढं काय, गप्प बसायचं. पण सर आमचे प्रोजेक्ट मॅनेजर. मी त्यांच्या हाताखाली डॉक्युमेंट कंट्रोलर. कुठल्या ड्रॉइंगची कुठली रिव्हिजन चालू आहे, कुठली रद्द झाली, वर्कशॉपमध्ये चुकीचा कागद तर गेला नाही ना, हे सांभाळायचं माझं काम. ऑफिसात मी कोणाला भीत नव्हते. खुद्द सर घाईघाईने "पाठव गं, शिक्का नंतर मार" म्हणाले, तरी मी "नाही सर, क्लायंटचं अप्रूव्हल येऊ दे" म्हणून ड्रॉइंग अडवून ठेवायचे. ते चिडायचे, पण ऐकायचे. तीच मी गाडीत बसले की नंदीबैल व्हायचे.

कारण नवरा घरी होता. त्याच्या कंपनीने त्याचं आख्खं डिपार्टमेंट बंद केलं तेव्हा त्याचा व्हिसा गेला, आणि मी त्याला आणि मुलीला माझ्या व्हिसावर घेतलं. मुलगी बारावीला. म्हणजे आम्हा तिघांचं या देशात राहणं माझ्या एका नोकरीला टांगलेलं, आणि माझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या जुलैत संपत होतं. रिन्यूअलसाठी मॅनेजरची शिफारस लागते. तो मॅनेजर माझ्यापुढे हातभर अंतरावर बसून गाडी चालवत होता, वर फुकट नेत-आणत होता. मी काय वेगळं बोलणार होते?

एकदा स्टोअरकीपर बोलला. दुबईतला सालिकचा टोल मागे टाकून सर नुकते रंगात आले होते, तोच तो म्हणाला, "सर, बुरा मत मानो. उनको उधर कोई जानताच नहीं. गवर्नर हैं, आराम से हैं, काहे को तकलीफ में डालते?"

सर हसले. "अरे भाई, लोगों की राय बनती है धीरे धीरे."

महिन्याभरात स्टोअरकीपरची बदली फुजैराच्या साइटवर झाली. तिथे बंदर, तेलाच्या टाक्या आणि उरलेला डोंगर. जाताना तो माझ्या टेबलापाशी आला, "खलास दीदी, अब आप सँभालो सर को," म्हणाला आणि हसत निघून गेला. मला त्याचं हसू कसंनुसं वाटलं. मुलीची परीक्षा, आणि मला कोणी असं उचलून फुजैराला टाकलं तर? किंवा टाकलंच नाही, नुसतं जुलैत "थँक्यू" म्हटलं तर?

दुसऱ्या दिवशी मी सवयीने मागचं दार उघडलं तर सर म्हणाले, "पुढे बस. मी काय ड्रायव्हर आहे का?"

पुढच्या सीटवर मान डोलावून भागत नाही. शब्द काढावे लागतात. मी काढायला लागले. "सर, आपल्याकडे शिक्षकी पेशातला माणूस आला पाहिजे त्या पदावर." "सर, त्यांचं कालचं भाषण ऐकलं, काय वाणी आहे!" भाषण मी खरोखर ऐकायचे, स्वयंपाक करता करता, दुप्पट वेगाने, सकाळी एखादं वाक्य फेकता यावं म्हणून. नवरा कणीक मळत विचारायचा, "आज काय म्हणाले तुझे राष्ट्रपती?" त्याचा आवाज थट्टेचा असायचा, पण लगेच पुढे म्हणायचा, "उगाच वाद घालू नकोस हं. हो म्हणून टाक. आपल्या बापाचं काय जातंय?"

मुलगी मात्र वैतागायची. तिचा पोलिटिकल सायन्स हा विषय होता. "आई, पब्लिक डझंट इव्हन व्होट फॉर हिम! एमपीज अँड एमएलएज व्होट. सो हू केअर्स व्हॉट यू थिंक?"

"सरांना केअर आहे," मी म्हणाले.

"दॅट्स सो सॅड," ती म्हणाली आणि खोलीत गेली. तिला आमच्यापैकी नक्की कोणाची कीव आली ते मी विचारलं नाही.

सरांची कीव मलाही कधीकधी यायची, खोटं कशाला बोलू. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको गेली. मुलगा कॅनडात. घरी गेल्यावर त्यांच्याशी मराठीत बोलणारं टीव्हीशिवाय कोणी नव्हतं. पण कीव येऊनही गळ्याभोवतीचा फास सैल होत नसतो. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मला वाटायचं की उद्या पुन्हा त्या सीटवर बसून त्या माणसाची आरती करायची आहे. मला त्या राज्यपालांचा राग यायला लागला होता. बिचाऱ्यांनी माझं काय वाकडं केलं होतं?

जानेवारीत आमच्या बिल्डिंगमधल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू होतं. सरांना ते माझ्याकडूनच कळलं, मीच वेडी. ते म्हणाले, "अरे वा! मग एक काम कर ना. सगळ्यांना जरा विचार. आपल्या लोकांचं, विशेषतः लेडीजचं, जनरल ओपिनियन काय आहे. मला खरंच जाणून घ्यायचंय."

मी विचारलं. तिळगूळ हातावर ठेवता ठेवता एकेकीला विचारलं.

"कुठले गव्हर्नर गं?" पहिलीने विचारलं.

"राष्ट्रपती व्हायला काय लागतं? शांत बसता आलं पाहिजे. आमच्या ह्यांना करा," दुसरी म्हणाली, आणि सगळ्या खो खो हसल्या.

तिसरी हसली नाही. तिने मला स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाली, "हे असलं इथे कशाला विचारतेस? आपण परक्या देशात आहोत. उगाच कोणी कुठे बोललं तर?" मग म्हणाली, "तुझ्या सरांना हवंय ना? मग सांग की सगळ्या हो म्हणाल्या. विषय खलास."

त्या घोळक्यात एकीलाही त्या माणसाबद्दल बरं-वाईट काही वाटत नव्हतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गाडीत मी सांगितलं, "सर, एकमत आहे. सगळ्या म्हणाल्या की असा माणूस पाहिजे."

"सगळ्या?" सरांनी क्षणभर रस्त्यावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. "एकही नाही म्हणाली नाही?"

"एकही नाही."

सरांनी हलकेच स्टिअरिंगवर हात थोपटला. मला वाटलं की आजचा दिवस स्वस्तात सुटला.

दिल्लीतून उमेदवाराचं नाव जाहीर झालं ते उन्हाळ्यात, एका दुपारी. नाव भलत्याच कोणाचं होतं. राज्यपालांचा उल्लेख बातमीच्या शेवटच्या ओळीत, 'यांचीही नावे चर्चेत होती' या यादीत. मी टेबलावर फोन उलटा ठेवला. मला आनंद झाला, अगदी उघड आनंद. सुटले बाई, असं वाटलं. संध्याकाळी सरांची साइटवर मीटिंग होती म्हणून मी दोन बस बदलत रात्री उशिरा घरी गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी आली. सरांनी दाढी केली नव्हती. अबूधाबीची हद्द लागली. मग ते म्हणाले, "मी एक्स्टेन्शनला नाही म्हणून बसलोय."

"कसलं एक्स्टेन्शन, सर?"

"मला साठ होतायत ना. कंपनी दोन वर्षं वाढवून देत होती. एचआरने विचारलं, मी नको म्हणालो. सर मला फोनवर म्हणाले होते, तिकडे दिल्लीला गेलो तर तू ये, मला आपली माणसं लागतील." सरांचे सर म्हणजे राज्यपाल. "आता माझ्या जागी दुसऱ्याला ऑफर गेलीय. काल मीटिंगनंतर विचारून बघितलं. टू लेट म्हणाले."

"पण सर, काही नक्की नसताना तुम्ही..."

"हो ना. मला स्वतःला पहिल्यापासून डाउट होता. तालुक्यातला माणूस म्हणून आपल्याला वाटतं, पण बाकीच्यांना काय? म्हणून तर रोज तुला विचारायचो. म्हटलं, ही पोरगी तोंडदेखलं बोलणाऱ्यातली नाही. माझं ड्रॉइंगसुद्धा अडवते. ही म्हणतेय म्हणजे लोकांमध्ये काहीतरी असणार. आणि मग तू त्या बायकांचं सांगितलंस." त्यांनी लेन बदलली. "त्याच आठवड्यात मी एचआरला माझा नकार कळवला."

गप्प बसले असते तर बरं झालं असतं, पण इतक्या महिन्यांचं साचलेलं एकदम बाहेर पडलं. "सर, माझं रिन्यूअल तुमच्या हातात होतं! नवरा घरी बसलाय, पोरीची बारावी होती. तुम्ही म्हणाला असतात की तुमच्या सोसायटीच्या वॉचमनला राष्ट्रपती करा, तरी मी हो म्हणाले असते!"

सरांनी गाडीचा वेग कमी केला. मागचा ट्रक हॉर्न वाजवत बाजूने गेला.

"तुझं रिन्यूअल?" ते म्हणाले. "ते मी दिवाळीतच पाठवलं. पहिलं नाव तुझं होतं. महिन्याभरात अप्रूव्हसुद्धा झालं. एचआर शेवटच्या महिन्यात लेटर देतात, त्यांची ती पद्धतच आहे. तू मला विचारायचं ना."

"आणि स्टोअरकीपर? तो बोलला आणि त्याला तुम्ही फुजैराला..."

"त्यानेच मागितलं होतं गं. त्याचा भाऊ आहे ना तिकडे पोर्टात. सहा महिने माझ्या मागे लागला होता."

मला हसावं की रडावं कळेना. रिन्यूअल झालेलं होतं. हळदीकुंकवाच्या आधीच झालेलं होतं. आत्ताच्या आत्ता नवऱ्याला फोन करावा असं वाटून माझा हात पर्सकडे गेला, आणि मग शेजारी कोण बसलंय ते लक्षात येऊन मी तो मांडीवर आणून ठेवला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

मुसफ्फा जवळ आल्यावर सरांनी विचारलं, "म्हणजे ते होतील असं तुला कधीच वाटलं नव्हतं?"

"मी त्यांचा कधी विचारच केला नव्हता, सर."

त्यांनी मान हलवली. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. ड्रॉइंगमधली चूक दाखवल्यावर हलवायचे तशीच त्यांनी मान हलवली, आणि मुसफ्फाच्या एक्झिटसाठी इंडिकेटर लावला.

गेटपाशी मी उतरताना ते म्हणाले, "उद्या नेहमीच्या वेळेला." त्यांचा अजून महिना बाकी होता, आणि तेवढ्या पहाटे शारजाहून मुसफ्फाला यायला मला दुसरी सोय नव्हती. मी "हो सर" म्हणाले.

तो सगळा महिना मी त्यांच्या शेजारी बसून गेले-आले. सरांनी मला एकदाही काही विचारलं नाही. एसी जास्त होतोय का, एवढंसुद्धा नाही.