सोमवारपासून फिरायला

नेरूळच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारामागे एक वेळापत्रक चिकटवलेलं होतं. माझ्या नवऱ्याने पट्टीने रेघा मारून, दोन रंगांच्या शाईत ते तयार केलं होतं. पाचला उठणे. पाच दहाला तांब्याच्या भांड्यातलं पाणी. सव्वापाच ते सहा खाडीच्या बांधावर फिरणे. मग प्राणायाम, भिजवलेले मूग, आंघोळ, आणि आठ दहाला कंपनीची बस. समोर मी त्याला ‘अहो’ म्हणत असे, इथे ‘तो’ लिहिते आहे. इतक्या वर्षांनी तेवढी सूट मी घेते.

वेळापत्रकं करणं हाच त्याचा पेशा होता. तुर्भ्याच्या एका कारखान्यात तो प्लॅनिंगला होता. कुठलं काम कुठल्या मशीनवर किती वाजता चढेल, हे ठरवायचं आणि उशीर झाला की दुसऱ्यांवर चिडायचं. त्यातच अडतिसाव्या वर्षी त्याला हार्ट अटॅक आला. सौम्य होता असं डॉक्टर म्हणाले. मी तेहेतीस वर्षांची होते, धाकटी मुलगी पहिलीत होती, आणि मला त्यात सौम्य काही दिसलं नव्हतं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सिगारेट बंद केली आणि म्हणाले, “रोज सकाळी चाला. औषधापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल. पण रोज.”

त्या दिवसापासून मी एक काम गुपचूप सुरू केलं होतं. पहाटे पावणेपाचला, गजर व्हायच्या आधी, मला जाग यायची. मी त्याच्याकडे वळून त्याची छाती वरखाली होते का ते बघायचे. अंधारात नीट दिसायचं नाही, मग हात नाकाशी न्यायचे. श्वास लागला की पुन्हा डोळे मिटून पडायचे आणि गजर झाल्यावर नुकतीच जाग आल्यासारखी उठायचे. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

पहिले अकरा दिवस वेळापत्रक अगदी चोख चाललं. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून तो करावे गावाच्या बाजूला खाडीकडे निघायचा आणि सहाच्या ठोक्याला परत यायचा. तेव्हा आमच्या बिल्डिंगीपुढे फारसं काही नव्हतंच. मोकळी जमीन, मातीचा रस्ता आणि पुढे बांध. घरात शिरला की त्याच्या बुटांना लागलेल्या चिखलाचा खारट वास पॅसेजमध्ये पसरायचा. मला तो वास आवडायला लागला होता.

बाराव्या दिवशी गावाहून पाहुणे आले, गप्पा लांबल्या, आणि सकाळी गजर बंद करून तो झोपला. जाग आली तेव्हा साडेपाच वाजले होते.

“जा ना आता,” मी म्हटलं. “अर्धा तास तरी मिळेल.”

“आता काय उपयोग? सगळंच पुढे सरकलं.” त्याने वेळापत्रकाकडे बघितलं. “आता सोमवारपासून. नव्याने, नीट.”

त्या दिवशी बुधवार होता.

सोमवारी तो गेला. मंगळवारीही गेला. गुरुवारी लाइट गेली, पंखा बंद, झोप झाली नाही, पुन्हा सोमवार. मग एक तारखेपासून. मग पाडवा जवळच आला होता, चांगला मुहूर्त सोडायचा कशाला? दर वेळी वेळापत्रक नव्याने लिहिलं जायचं, अक्षर आणखी सुबक व्हायचं. मी एकदा भडकले. म्हटलं, “तुमचं हे सोमवारपासून सोमवारपासून ऐकून माझाच जीव जायची वेळ आली आहे.” जीव हा शब्द तोंडातून गेला. मी कणीक मळायला घेतली आणि ती उगाचच फार वेळ मळत राहिले.

आमच्याकडे करावे गावातून एक बाई यायची. पन्नाशीची, काटक, काष्टा मारलेलं लुगडं, डोक्यावर पाटी. ओहोटीला खाडीत उतरायचं, चिखलातून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, आणि निवट्यांसारखी मासळी काढायची आणि तशाच ओल्या पायांनी नव्या बिल्डिंगींमधून विकायची, हे तिचं काम. आम्ही कोकणातले, त्यामुळे तिचं आमचं लगेच जमलं. नवऱ्याचं मात्र तिच्याशी एका बाबतीत वाकडं होतं. तिची वेळ.

असाच एक रविवार होता. फिरणं पुन्हा बुडालेलं, तो पेपर तोंडापुढे धरून बसलेला. अकराच्या सुमाराला दारात हाक आली.

“मावशी,” तो आतूनच म्हणाला, “मागच्या रविवारी तुम्ही संध्याकाळी पाचला आलात. काल म्हणे सव्वादहाला. आज अकराला. माणसाने एक वेळ ठरवावी की नाही? गिऱ्हाइकाने वाट कधी बघायची?”

तिने पाटी खाली ठेवली. “वेल ठरलेलीच हाय, दादा. पानी उतरलं का मी उतरतंय. आज चवथ हाय ना? पानी नवाला उतरलं. उद्या पावने धाला उतरंल. मंग मी बी पाऊन तास मागं येन.”

तो पेपर ठेवून उठला. भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ गेला, तिथी बघितली, बोटांवर काहीतरी मोजलं. मागचा रविवारही मोजला. मग मागे वळला तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. ज्या बाईला तो सहा महिने बेशिस्त म्हणत होता, तिचं वेळापत्रक त्याच्या कारखान्यापेक्षा पक्कं निघालं होतं.

“एकही दिवस चुकत नाही?” त्याने विचारलं. आवाज जरा नरम होता.

“चुकतंय ना. परवा मना ताप व्हता, नाय गेली. पानी आलं नि गेलं, त्याचं काय अडलं? काल परत गेली.”

आता मला राहवेना. मी चिंबोऱ्या निवडता निवडता म्हटलं, “आमच्याकडे तसं नसतं, मावशी. एक दिवस चुकला की हे थांबतात. परत सोमवारी सुरू करतात.”

तिला हे खरंच कळलं नाही. टोमणा मारायचा तिचा स्वभाव नव्हता. ती त्याच्याकडे बघून म्हणाली, “सोमवारी काय हाय? सोमवारी पानी जास्त असतं काय?”

तो पुन्हा कॅलेंडरकडे वळला. मी पदराआड हसू लपवलं. ती पाटी उचलून समोरच्या घराकडे वळली, आणि आमच्या पॅसेजमध्ये तिच्या पावलांचे चिखलाचे ठसे राहिले. रोज ते पुसायला लावणारा माझा नवरा त्या दिवशी ते ओलांडून आत गेला.

दुसऱ्या दिवशी सोमवारच होता, म्हणून तो गेला यात मला विशेष वाटलं नाही. खरी गंमत गुरुवारी झाली. त्याला उठायला सहा वाजून दहा मिनिटं झाली. तो पलंगावर बसून राहिला, दाराकडे बघत. मी भांडी लावत होते, पण कान तिकडेच होते. मग बुटांच्या नाड्या आवळल्याचा आवाज आला. पंधरा मिनिटांत तो परत आला, बांधापर्यंतही पोचला नसणार. मूग राहिले, प्राणायाम राहिला. पण आंघोळीला जाताना तो शीळ घालत होता.

तो एका रात्रीत बदलला असं नाही. चिडचिड व्हायची, कंटाळा यायचा, पावसाळ्यात तर आठवडाभर तो जिन्यातच चार वेळा चढउतार करायचा आणि शेजारी हसायचे. पण सोमवार हा शब्द घरातून गेला. वेळापत्रक कधी निघालं मला आठवत नाही. एकदा दार पुसताना पाहिलं, तर चार कोपऱ्यांवर वाळलेली खळ तेवढी उरली होती.

माझं पावणेपाचचं काम मात्र चालूच होतं. तो कितीही चालला, डॉक्टरांनी तपासून कितीही मान डोलावली, तरी माझा हात पहाटे त्याच्या नाकाशी जायचाच. त्यात एकही दिवस खाडा नव्हता. वर्षभरात त्याने जे साधलं नव्हतं ते मी न लिहिता साधलं होतं, आणि त्यापायी मी वाळत चालले होते.

मग एका सकाळी डोळे उघडले तर खोलीत ऊन होतं. घड्याळात पावणेसात. शेजारची जागा रिकामी. क्षणभर काही सुचेना. आज मी बघितलं नव्हतं. तशीच गॅलरीत धावले.

खाली मातीच्या रस्त्यावरून तो येत होता. शेजारी ती करावेची बाई, पाटी डोक्यावर, आणि तो हातवारे करून तिला काहीतरी सांगत होता, बहुधा तिथीचाच हिशेब. अमावास्या की पुनव जवळ आली असणार, म्हणून ती इतक्या लवकर वर आली होती. त्याच्या एका हातात दोरीने बांधलेल्या चिंबोऱ्या होत्या, त्या तो कपड्यांपासून लांब धरून चालत होता. मला बघून त्याने त्या उंच करून दाखवल्या.

“अगं, गाढ झोपली होतीस,” वर आल्यावर तो म्हणाला. “उठवलं नाही.”

मी चिंबोऱ्या घेतल्या आणि मोरीत ठेवल्या. नळ सोडून उगाच तोंडावर पाणी मारत राहिले, कारण डोळे भरून आले होते.

इतक्या महिन्यांत त्या दिवशी पहिल्यांदा माझा खाडा झाला होता. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला जाग आली. हात उचलला, आणि तसाच परत पांघरुणात घेतला.